अठ्ठाविसावं नाव

मी पदवीपर्यंत पोचलो तो हवालदार आबांमुळे. माण तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. एकाहत्तरच्या लढाईत डाव्या पायाची तीन बोटं गेली होती. तरी कुठेही उभं राहायचं झालं की ते काठी बाजूला टेकवून ठेवत. "काठी चालाया हाय. हुबं ऱ्हायाला कशाला?" म्हणत.

गावातून लढाईवर गेलेल्या अठ्ठावीस जणांचा दगडी स्तंभ एसटी थांब्यापाशी होता. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला आबा तिथे हजेरी घेत. हयात असलेला स्वतः 'हजर' म्हणे. नसलेल्याच्या वतीने त्याच्या घरचं माणूस. माझे आजोबा फौजेत लांगरी, म्हणजे स्वयंपाकी होते. ते गेल्यावर आजी पदर सावरून 'हजर' म्हणू लागली. मेंढरांमागे जन्म गेलेल्या माझ्या आजीचा आवाज गाव वर्षातून तेवढा दोनदाच ऐकत असे.

आबांनी आणून दिलेल्या सैनिकी वसतिगृहाच्या अर्जात आजोबांच्या हुद्द्यापुढे मी नुसतं 'जवान' लिहिलं. आबांनी खोडायला लावलं. "लांगरी लिव्ह. लाज वाटती व्हय रं? त्याच्या रोट्या खाऊन लढलो आमी." मी लिहिलं. जागा मिळाली, साताऱ्यात शिकलो.

पुढे रस्ता रुंद करताना जुना स्तंभ पडला. गावच्या स्मारक समितीने काळ्या ग्रॅनाइटचा नवा उभारला. त्यावर सत्तावीसच नावं होती.

"आवं आबा, बंदूक धरली त्यांचीच घेतल्यात," समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"तू कंची धरली व्हतीस? तुझं तर लय मोठ्या अक्षरात कोरलंय खाली."

लोक हसले, पण नाव काही कोरलं गेलं नाही. दुसऱ्या सकाळी आबांनी खडूने सत्ताविसाव्याखाली आजोबांचं नाव लिहिलं. समितीच्या माणसाने पुसलं. आबांनी पुन्हा लिहिलं. असं दोन पावसाळे चाललं.

आजी त्यांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की हवालदार. आमच्यापायी गावाशी वाकडं नगं."

"वहिनी, तुमच्यापायी न्हाईच. सगळी संगं गेलो व्हतो. आता दगडावर एकट्याला मागं सोडू व्हय?"

गेल्या जानेवारीत आबा साताऱ्याच्या दवाखान्यात होते. हजेरी मी घ्यावी असा त्यांचा निरोप आला. ते परत आले नाहीत. त्यांच्या उशाखाली माझं पत्र मिळालं, पुन्हापुन्हा उघडून घडीवर विरलेलं:

"ती. आबा, शि. सा. नमस्कार.

अध्यक्षांनी बजावलं होतं, दगडावर आहे तेवढंच वाच. मी आधी खडूने अठ्ठाविसावं नाव लिहिलं, मग वाचायला सुरुवात केली. तुमचं नाव आलं. तुमची मुलं मुंबईहून पोचली नव्हती. कुणीच बोलेना. 'पुढचं घे,' अध्यक्ष म्हणाले. मी घेतलं नाही. तुमचं नाव पुन्हा पुकारलं.

तेव्हा आजी काठी टेकत उठली, स्तंभापाशी आली आणि तुमच्या वतीने 'हजर' म्हणाली.

शेवटी आजोबांचं नाव आलं. आजीला परत उठावं लागलं नाही. ती खाली बसलीच नव्हती, आणि तिची काठी तिने स्तंभाला टेकवून ठेवली होती."