बाजूला काढलेले तारे

आई पनवेलच्या बाजारात एका मॅचिंग सेंटरमध्ये सव्वीस वर्षं कामाला होती. साडीचा काठ नुसता बघून ब्लाउजसाठी नेमक्या छटेचा तागा काढायची. त्यामुळे माझ्या पीएचडीतला आलेख तिला समजावणं अवघड नव्हतं. एका गुच्छातले तारे एकत्र जन्मलेले, म्हणजे सगळी भावंडंच. त्यांना निळ्यापासून लालपर्यंत रंगाने ओळीत लावलं, तर मध्येच एका रंगाचे तारे नाहीत, असं मला दिसलं होतं. ही फट खरी ठरली की माझा अडकलेला प्रबंध सुटणार होता. गाइड मॅडमना तसं कळवूनही टाकलं होतं आणि मी मनातल्या मनात मांडे खात होते.

रविवारी सकाळी तो कागद आईपुढे ठेवला. कौतुक करून घ्यायचं होतं, दुसरं काय! पण झालं हात दाखवून अवलक्षण.

तिने चष्मा लावला आणि फटीवर बोट ठेवलं. म्हणाली, रॅकवर अशी रिकामी जागा दिसली की शेठ आधी हेच विचारायचे, माल आलाच नाही की आपणच उचलून ठेवला? उन्हाने विटलेले तागे बाजूला काढायची त्यांच्याकडे पद्धत होती, आणि कधीकधी ते सगळे एकाच छटेचे निघायचे.

"तू काय काय बाजूला काढलंस गं?"

काढावंच लागतं, मी जरा तोऱ्यातच म्हटलं. गुच्छाच्या दिशेला दिसतात, पण असतात त्याच्या कितीतरी पुढे नाहीतर मागे, असे परके तारे ओळीत घेऊन चालत नाही. त्यांची वेगळी यादी असते. ती यादी बघ म्हणाली. बघितली. अकरा तारे होते, त्यातले सात नेमके फटीतल्या रंगाचे.

प्रत्येकापुढे मीच लिहिलं होतं, 'संशयास्पद'. त्यांची अंतरं पुन्हा तपासली. आपले म्हणावे तर आपले, परके म्हणावे तर परके, अशी काठावरची. इथपर्यंतही ठीक होतं. पण हा संशय मला आला कधी? फट दिसायच्या आधी, की दिसल्यावर, ती नीट रिकामी दिसावी म्हणून? जुनी फाइल पुसून त्यावरच नवी ठेवायची माझी वाईट खोड. एकदा वाटायचं, आधीच काढले होते, नक्की. दोन मिनिटांनी तितक्याच खात्रीने उलटं आठवायचं. डोकं पार भंजाळलं.

मी चिडून आईलाच विचारलं, आता काय करू? ती मूळची शिरढोणची. मनातलं बोलायला लागली की तिकडची बोली येते.

"नाय आठवत ना? मग नाय आठवत असंच सांग त्यांना."

जेवणाआधी मॅडमना मेल लिहिली. फट आकाशात आहे की मी पाडली आहे, हे मला सांगता येत नाही, असं सरळ लिहिलं. पाठवल्यावर हलकं वाटेल अशी आशा होती. उलट मला माझीच भीती वाटायला लागली.