पुराव्यानिशी ‘ड्यूड’

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका संशयी माणूस डोंबिवलीत दुसरा झाला नाही, आणि त्यांचा सगळा संशय इंग्रजी बोलीतल्या शब्दांवर होता. ठाण्याच्या कोर्टात उभा जन्म कारकुनीत गेल्यामुळे ते शब्दालाही पिंजऱ्यात उभं करत. जिन्यात कुणी पोराने मित्राला ‘ब्रो’ म्हटलं की काकांचं दार उघडे. “थांब. हा शब्द पहिल्यांदा कुणाकडून ऐकलास? आठवून सांग, घाई नाही.” पोरगा क्लासला उशिरा पोचे, पण साक्ष पुरी होई. मग काका जाडजूड शब्दकोश उघडत, आणि सकाळी सोसायटीच्या फळ्यावर, जिथे पूर्वी सुविचार लिहीत, तिथे निकाल लागे: शब्द, अर्थ, उगम, पुरावा. पुरावा जमला नाही तर खाली ‘पुढील तारीख’. मी तर दुधाचं निमित्त काढून वाचायला उतरत असे.

सेक्रेटरींना हे खपेना. फळ्यावर ‘ड्यूड’ झळकला त्याच आठवड्यात त्यांनी गच्चीवरच्या सभेत विषय काढला. “काका, ही टपोरी भाषा बंद करा, नाहीतर फळाच काढून टाकू.” आम्ही सगळे चपापलो. काकू गेल्यापासून काकांचा दिवस त्या फळ्यापाशीच उजाडायचा.

काका सावकाश उठले. “फळा माझ्याकडे यायच्या आधीचा एक सुविचार कुणीही सांगावा.” सेक्रेटरी पाण्याच्या टाकीकडे बघू लागले. “बरं, परवाचा शब्द?”

मागच्या खुर्चीतून सेक्रेटरींच्या ऐंशी वर्षांच्या आई म्हणाल्या, “ड्यूड. आधी अमेरिकेत नटव्या माणसाला चिडवायला म्हणायचे, आता मित्राला. ‘डूडल’वरून आला म्हणतात, पण पुरावा कच्चा. पुढील तारीख.” मग मुलाकडे वळून, “बस रे खाली.”

टाळ्यांनी गच्ची दणाणली. काकांनी घरोघरी पेढे वाटले, सेक्रेटरींकडे दोनदा.

आता इमारत पुनर्विकासाला गेली. काका लेकाकडे घोडबंदर रोडला, एकविसाव्या मजल्यावर राहतात. तिथे फळा नाही, लिफ्टमध्ये जाहिरातींचा पडदा आहे. सामान हलवायच्या दिवशी मी खाली उतरलो, तर फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात शेवटचा निकाल होता. शब्द: बाय. अर्थ: निरोप. उगम: ‘देव तुमच्या सोबत असो’ या जुन्या इंग्रजी वाक्याचं झिजून उरलेलं टोक. पुरावा: पक्का.

तो फळा मी उचलून माझ्या भाड्याच्या घरी आणला. अजून पुसवत नाही.