‘आलं’ कुणाचं?

“म्हणजे ती किंकाळी माझी नाही, असं म्हणायचंय तुला?” मॅडीने विचारलं.

“मला काहीच म्हणायचं नाही,” मी म्हणालो. “टेप म्हणतेय.”

मॅडी म्हणजे मंदार, ‘चोकअप’ या डोंबिवलीच्या पंक रॉक बँडचा गायक. पंक म्हणजे गिटारवर तीन कॉर्ड आल्यावर चौथी शिकायला नकार देणं आणि त्याला भूमिका म्हणणं. नव्वदच्या दशकात त्यांची पहिली कॅसेट निघाली. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. पुढे मात्र प्रत्येकाने घेतलेली होती, असं कळलं. आता एका कंपनीला तिची एक्स्पांडेड एडिशन काढायची होती. जुनी गाणी साफसूफ करून, वर कधीच न ऐकलेलं रेकॉर्डिंग जोडायचं. या साफसफाईला रिमास्टरिंग म्हणतात. ते काम ठाण्याला माझ्या स्टुडिओत आलं.

त्यातलं ‘कधी?’ हे गाणं म्हणजे दंतकथा. मॅडी “कधी? कधी?” ओरडत राहतो, अचानक “आलं!” अशी किंकाळी येते आणि गाणं तुटतं. या ‘आलं’वर नव्या एडिशनसोबतच्या बुकलेटसाठी एका प्राध्यापकांनी दीर्घ लेख लिहिला होता. त्यांना खरं तर क्रांती हवी होती. पण क्रांती स्त्रीलिंगी, ती ‘आली’ असती. म्हणून त्यांनी परिवर्तनावर भागवलं. तुटलेला शेवट हा व्यवस्थेला दिलेला नकार होता म्हणे. त्या किंकाळीच्या भांडवलावर मॅडी हल्ली कार्यशाळांत मॅनेजर लोकांना बंडखोरी शिकवतो. जेवणासह.

मूळ टेपवर प्रत्येक माइकचा ट्रॅक वेगळा असतो. ‘सोलो’ बटण दाबलं की बाकीचे गप्प होतात आणि तेवढा एक ऐकू येतो. मी मॅडीचा माइक सोलो केला. किंकाळीच्या जागी खोकला होता. मग ड्रम्सचा माइक घेतला. सिंबलच्या थाळ्यांचा गोंगाट खाली आणल्यावर एका बाईंचा खणखणीत आवाज आला, “अरे मेल्यांनो, पाणी आलं!” मागोमाग काठ्या टाकल्याचा आवाज, मग बादल्या. कॅसेटवर ‘आलं’आधीचे शब्द त्या गोंगाटात बुडाले होते आणि नंतरचा भाग कापलेला होता.

“आई आहे ही!” ड्रमर संजय खुर्चीतून उठलाच. रेकॉर्डिंग त्याच्याच घरी झालं होतं, स्वयंपाकघराला लागून. “मॅडी, तू पिंप धरलेलंस. आठवतंय?”

“नाही.”

“सांडलेलंस पण. शिव्या खाल्लेल्यास तिच्या.”

संजयची मागणी एकच होती. बुकलेटमध्ये आईचं नाव हवं. “अरे, एवढी वर्षं पब्लिक तिच्या आवाजावर नाचतेय आणि म्हातारीला पत्ताच नाही.”

मॅडीचीही एकच मागणी होती. “पुसून टाक ते.”

“पुसलं तर ‘आलं’ही जाईल,” मी म्हणालो. “तुझा खोकला ठेवू का?”

कंपनीची रिया इतका वेळ फोनमध्ये होती. तिने मान वर केली. “सर, हाच आपला बोनस ट्रॅक! बादल्यांसकट. व्हायरल जाईल.”

त्या शब्दाने मॅडी विचारात पडला. चहा येईपर्यंत त्याचं मतपरिवर्तन झालं होतं. तेही नपुंसकलिंगीच.

“तसं पाहिलं तर,” तो म्हणाला, “पाण्याचं राजकारण ही माझी मूळ कन्सेप्टच होती.”

“कन्सेप्ट घे तुला,” संजय म्हणाला. “नाव आईचं टाक.”

सौदा पटला. प्राध्यापकांनी लेख मागे घेतला नाही. पाण्यावर एक परिच्छेद वाढवला. त्यात त्यांनी घरातल्या नळाला ‘पर्यायी सत्ताकेंद्र’ म्हटलं.

ठाण्यातल्या एका हॉलमध्ये प्रकाशन झालं. संजयच्या आई, सुमतीकाकू, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मांडीवर बुकलेट, त्यात ‘आवाज’ या शब्दापुढे त्यांचं नाव. मॅडी स्टेजवरून ओरडला, “कधी? कधी?” सगळा हॉल गरजला, “आलं!”

काकू सवयीने ताडकन उठल्या. “मग बघत काय बसलाय? भरा!”

त्यानंतर मॅडीला दुसरं गाणं सुरू करताच येईना. लोक काकूंना वन्स मोअर देत होते.

हल्ली जुनी टेप घेऊन कुणी आलं की मी आधी विचारून घेतो, “किती साफ हवंय?”