शिट्टीवाले काका

एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला चिंचणीत आमच्या शेजारच्या काकांना ग्रामपंचायतीने सुरक्षा दलात घेतलं आणि एक काठी, एक शिट्टी दिली. काठी त्यांनी कपडे वाळत घालायला काकूंना देऊन टाकली. शिट्टी मात्र जीव ओतून वाजवत. समोरून कुणी आलं, की एक फुंकर मारून विचारत, "बरा हाय ना?"

एका दुपारी त्यांनी खराखुरा चोर पकडला. किनाऱ्यावर वाळत घातलेले बोंबील त्याने सदऱ्यात कोंबले होते. शेपट्या गळ्यापाशी बाहेर आल्या होत्या. आनंदाच्या भरात काकांनी अशी शिट्टी फुंकली, की अख्खा कोळीवाडा वल्ही घेऊन धावला. मीही धावलो. गर्दी बघून चोर रडायला लागला आणि काकांचाही चेहरा उतरला.

"मारू नका! चोर नाय, पावना हाय माझा."

"मग सदऱ्यात बोंबील कशाला?"

"मीच दिलं. पिशवी नव्हती."

पटलं कुणालाच नाही, पण हसता हसता वल्ही खाली आली. काका त्याला घरी घेऊन गेले. काकू दारातच उभ्या होत्या.

"ह्यो कोण?"

"तुझ्या माहेरचा."

काकूंनी त्याला खालून वर न्याहाळलं.

"मग काढ ते बोंबील, भाऊ. कालवण टाकते."