धूर गेला कुठं?

शेणव्याच्या नाक्यावर उंबराखाली एक पांढरी ओम्नी उभी असते. चाकं चारही शाबूत आहेत, पण तीन वर्षांत ती तिथून वीतभर हललेली नाही. दुसऱ्यांच्या गाड्या फिरत्या राहाव्यात म्हणून ती जागेवर बसली आहे. आत एक कॉम्प्युटर, धूर मोजायचं मशीन आणि स्टुलावर रंभा. पीयूसीवाली रंभा.

गाडी वळणावर दिसायच्या आधीच रंभा ती ओळखते. 'खॉक-खॉक-भुर्रर' म्हणजे विटांचा टेम्पो. 'टुकटुक-टुकटुक-फुस्स' म्हणजे किन्हवलीच्या मास्तरांची स्कूटर, आणि त्यातली फुस्स मास्तरांची नव्हे, सायलेन्सरची. गाडी आली की रंभा नळी सायलेन्सरात खुपसते, नंबरप्लेटचा फोटो घेते, मशीनचा आकडा बघते. नुसत्या फोटोवर कागद देणारे पुढच्या नाक्यावर आहेत. रंभाकडे नळी घातल्याशिवाय कागद नाही.

त्याशिवाय तिची स्वतःची एक तपासणी आहे. जुन्या धोतराचा हातभर फडका ती सायलेन्सरच्या तोंडाशी धरते आणि सांगते, "दे जरा रेस." मग तो फडका मालकाच्या नाकासमोर धरते. "आकडा कोणाला कळतोय? ह्यो बघ. तुझ्या जीपनं काय खाल्लंय ते." जीपवाल्याचा फडका तव्याच्या बुडासारखा निघतो आणि जीपवाला गॅरेजची वाट धरतो.

गेल्या वर्षी जगदीशनं बीएस सिक्सची नवी पिकअप घेतली. जगदीश तिच्याच आळीतला, धाकट्या भावासारखा. तो पिकअप घेऊन मुद्दाम तिच्यासमोर थांबला.

"ताई, फडका लाव."

रंभानं लावला. रेस दिली, पुन्हा दिली. फडका जसाच्या तसा पांढरा. तिनं तो उलटा केला, उन्हात धरला, वास घेतला.

"धूर गेला कुठं रे?"

"कंपनीनं ठेवलाच नाय."

"डिझेल जाळतंस ना? चूल पेटली की धूर होनारच. बाहेर नाय आला म्हंजे कुठंतरी गेला."

"तुला काय करायचंय? नाय तर नाय."

पण रंभाला करायचं होतं. वर्षभर ती येईल त्या ड्रायव्हरला विचारत राहिली. कोणी म्हणालं, पाण्यात विरतो. कोणी म्हणालं, डिझेलच नवीन आलंय. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "हा युरोपातला विषय आहे." त्यावर रंभा म्हणाली, "गाडी तर शेणव्यातच हाय, मास्तर."

पौषात, म्हसा गावच्या बैलबाजाराच्या जत्रेच्या आठवडाभर आधी, एका दुपारी वळणावरून अनोळखी आवाज आला. दम लागलेल्या माणसासारखा. रंभानं मान वर केली. आली ती जगदीशचीच पिकअप.

"चढतच नाय गो ताई. नडगावचा चढ दुसऱ्या गिअरवर घेतला. आनि ह्यो दिवा बघ." काचेमागे नळकांड्याच्या चित्राचा पिवळा दिवा जळत होता. जगदीश हिवाळाभर शेतांवरून भेंडी उचलून पॅकिंगवाल्यांकडे पोचवायचा. परदेशी जाणारी भेंडी, बोटाएवढी, वेळेत पोचली तरच घेतात. "दोनदा उशीर झाला. आज चारला माल भरायचाय. तिसऱ्यांदा उशीर झाला तर उद्यापासून दुसरी गाडी, असं तोंडावर बोलला सुपरवायझर."

"फोन केलास कंपनीला?"

"केला की." आणि जगदीशनं नाक चिमटून, मान तिरकी करून ऐकवलं: "'सर, आपल्याला झालेल्या असुविधेसाठी क्षमस्व. आपन जवळच्या सर्विस सेंटरला गाडी आनावी.' मी बोललो, कितवा नंबर लागेल? तर, 'सर, तीन दिवसांनंतर, सर.' एवढ्या गोड आवाजात बोलली, की मीच थँक्यू बोललो."

"गाडीचं पुस्तक कुठं हाय?"

जगदीशनं खण उघडला. पुस्तक होतं, प्लास्टिकच्या पिशवीतच. पिशवीवर हळदीकुंकवाची बोटं आणि झेंडूची एक वाळलेली पाकळी. दोन दसऱ्यांना पुजलं होतं, उघडलं एकदाही नव्हतं.

रंभाची मुलगी अक्षदा बारावीला होती, डबा घेऊन नुकतीच आली होती. तिनं पिशवी फाडली, दिव्याचं चित्र शोधलं आणि वाचून सांगू लागली. सायलेन्सरच्या वाटेत एक गाळणी असते. काजळी तिच्यात अडकते.

रंभा स्टुलावरून उठली. "अडकते? म्हंजे धूर आतच हाय?"

"आतच. आनि गाळणी भरली की गाडी तिला तापवून काजळी जाळून टाकते. चालता चालता."

"जाळते," रंभा म्हणाली. वर्षभराचं कोडं असं डब्याच्या वेळेला सुटेल असं तिला वाटलं नव्हतं. "पुढं वाच."

"तेव्हा पंखा जोरात फिरतो, इंजिनाचा आवाज चढतो, गरम वास येतो. घाबरू नये. गाडी बंद करू नये. बंद केली तर काजळी तशीच राहते."

रंभा हळूच जगदीशकडे वळली. "असा आवाज येतो कदी?"

"रोज येतो."

"मंग तू काय करतंस?"

"बंद करतो."

"का रे?"

जगदीशला प्रश्नच कळेना. त्याचे वडील विठू जन्मभर म्हशाच्या बाजारात बैल घेऊन उभे राहिलेले. फेसाळलेला बैल त्यांच्या दावणीला कोणी पाहिला नाही. "बा सांगायचा, जनावर धापलं की आधी जू उतरव. पिकअप धापली की मी चावी काढतो. सावलीत लावतो. चाळीसच्या वर पळवत पन नाय. उतारावर तर न्यूट्रल. एवढी जपतो, तरी माझीच चढंना."

अक्षदाला हसू आलं. रंभाला आलं नाही. विठूकाकांना तिनं बैलाच्या नाकपुडीला गाल लावून ताप बघताना पाहिलं होतं. तिनं सायलेन्सरवर हात ठेवला, चटका बसला तसा काढून घेतला.

"जगदीश, बैल खाऊन बसला की काय करतो?"

"रवंथ."

"तवा त्याला उठवतंस?"

"कोन उठवील? पोट फुगंल त्याचं."

"मंग? ही धापत नव्हती रे. रवंथ करत होती. तू रोज मधेच उठवलीस."

जगदीशनं पिकअपच्या बॉनेटवर हात ठेवला. मग खाली मान घालून म्हणाला, "बा असता तर हानला असता मला."

दिवा नुसता लागलेला असेल तर गाडी वीस-पंचवीस मिनिटं न थांबता पन्नासच्या वर चालवा, लुकलुकत असेल तर ओढून न्या, असं पुस्तकात होतं. दिवा स्थिर होता. पण शेणवा ते मुरबाड पन्नासनं चालवायचं तर गतिरोधक आधी उचलून ठेवावे लागले असते. उरला नाशिक हायवे. घड्याळात पावणेदोन. रंभानं ओम्नीला कुलूप लावलं आणि पिकअपमध्ये चढली.

शहापूर ओलांडून हायवेला लागले. जगदीशचा पाय सवयीनं उचलला जाई.

"दाब."

"ताई, तापंल गो."

"तापायलाच पायजे. दाब."

आटगाव गेलं. पंखा गरजायला लागला, केबिनमध्ये गरम वास भरला, जगदीशचा हात आपोआप चावीकडे गेला. रंभानं तो मनगटाशी धरला आणि स्टिअरिंगवर ठेवला. खर्डीला ओळखीचा चहावाला हात करत होता, त्याच्याकडे दोघांनी बघितलंही नाही. उतार आला. जगदीशनं गिअरवरचा हात काढून मांडीखाली घातला.

कसाऱ्याच्या अलीकडे दिवा गेला.

जगदीशनं पाय जरासा दाबला आणि पिकअप दावं सुटलेल्या खोंडासारखी पुढे झाली. "ताई," तो म्हणाला, "फुगलेलं पोट उतरलं."

तसेच मागे फिरले, आणि चारला पाच मिनिटं कमी असताना माल भरणं सुरू झालं. काम त्याच्याच गाडीकडे राहिलं.

दोन दिवसांनी धाऊदादा आपल्या शेताच्या बांधावर भेंडीचे क्रेट मांडून उभे होते. पिकअप आली, पंख्याचा आवाज करत, आणि त्यांच्यासमोरून तशीच पुढे निघून गेली. धाऊदादा चार पावलं मागे धावले. "अरे, माल? माल कोन तुझा बा नेईल?"

जगदीशनं खिडकीतून हात काढला. "रवंथ चाललाय, दादा. किन्हवलीला वळसा घालून येतो."

धाऊदादांनी नाक्यावर येऊन रंभाला विचारलं, पोराचं डोकं ठिकाणावर आहे ना. रंभानं त्यांना सगळं समजावलं, गाळणीपासून काजळीपर्यंत. मग बोलता बोलता थांबली आणि पिकअपचा जपून ठेवलेला पांढरा फडका हातात घेऊन बघत राहिली.

"सगळं बरोबर, दादा. पन काजळी जळली की राख होनार. मंग ती राख कुठं जाते?"