मामाचा कापूस मी विकत घेतला

सौद्यावर पांघरूण घालावं लागतं, म्हणजे आत काहीतरी नागडं आहे. हे वाक्य माझ्या पत्रकातलं. मलकापूरच्या कापूसबाजारात मी ते पत्रक वाटत फिरत होतो आणि शेतकरी ते हातात घेऊन त्यात तंबाखू बांधत होते. एरवी मी भडकलो असतो. पण त्या सकाळी राग टिकेचना. हवेत कापूस उडत होता, गाड्यांची रांग पार स्टेशनच्या रस्त्यापर्यंत गेली होती आणि त्या रांगेत माझा सख्खा मामा होता.

मामा चिखलीकडून मुक्काम करत आला होता. गाडीत वर्षाचा सगळा कापूस. मागच्या हंगामात अडत्यानं त्याला एक भाव सांगितला आणि नंतर चहाच्या दुकानात व्यापाऱ्याच्या तोंडून भलताच निघाला. मधले पैसे कुठे गेले ते रुमालाला ठाऊक. बाजाराची रीतच तशी होती. अडत्या आणि व्यापारी हातांवर रुमाल टाकत आणि खाली बोटं धरून भाव ठरवत. भाव किती दहांच्या घरात आहे ते सगळ्यांना माहीत असे, वरचे सुटे रुपये बोटांवर. एक बोट धरलं की एक, अख्खा पंजा धरला की पाच. ज्याचा माल तो बैलाजवळ उभा. त्याला भाव कळायचा शेवटी, अडत्या सांगेल तेवढाच. आणि रुमालाखाली दिलेला शब्द मोडायचा नाही, हे म्हणे बाजाराचं ब्रीद! चोरीत इतका सच्चेपणा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

"आज गडबड करू नको बे," मामा म्हणाला. "हे लोक रुसले तं माह्या गाडीले कोणी हात लावणार नाही. भरली गाडी वापस नेऊ काय?"

"भाव तोंडानं बोला, एवढंच म्हणायचं मामा."

"तू म्हण. मी बैलाले पाणी पाजतो."

तेवढ्यात अडत्या व्यापाऱ्याला घेऊन आला आणि दोघांनी हातांवर रुमाल टाकला. "हे कोणाचं पोट्टं?" अडत्यानं विचारलं.

"भाचा हाय जी माहा. शिकेल हाय."

"शिकेल हाय तं रुमाल वाचता येते काय बे तुले?"

आजूबाजूचे गाडीवान हसले. मीही हसलो. संतापलो की मला हसू फुटतं, हा माझ्या चळवळीतला मोठाच अडथळा. "मालाच्या धन्याचा हात आत काऊन नाही?" मी विचारलं. "मामाच्या वतीनं मी घालतो."

"घाल," अडत्या गमतीनं म्हणाला.

घातला. आत आता तीन हात, सगळे घामेजलेले. कोणाचं बोट कोणतं ते कळेना. सापडला तो हात मी गच्च आवळला. तो अडत्याचा निघाला.

"अबे, पंजा धरला यानं!" अडत्या ओरडला.

व्यापारी पोट धरून हसायला लागला. "मी दोनावर होतो, हा एकदम पाचावर! घे मंग, तूच घे गाडी."

"रुमालाखालचा शब्द मोडता येत नाही बाप्पा," अडत्या म्हणाला. "आण पैसे."

मामानं कपाळाला हात लावला. माझ्या खिशात पत्रकं होती आणि थोडे फुटाणे.

"म्हणजे हा माल आता माहा?" मी विचारलं.

"हाव, तुहाच!" सगळी रांग ओरडली.

मग काय पाहिजे? चाकावर पाय देऊन मी गाडीवर चढलो आणि मांडीपर्यंत कापसात रुतलो. "मंग माहा माल मी माह्या रीतीनं विकतो! पाचाले घेतला. जास्त कोण देते? तोंडानं बोला!"

शेजारच्या गाडीपाशी एक म्हातारा मुसलमान व्यापारी रुमाल टाकायच्या बेतात होता. त्यानं तो परत खांद्यावर घेतला. "सहा!" तो म्हणाला, आणि स्वतःच खुदकन हसला. "बोलून पाह्यलं भाई. जीभ काही जळली नाही."

दोनावर अडलेला आमचा व्यापारी लाल झाला. आता सगळ्यांनी ऐकलं होतं ना. "साडेसहा!"

"सात!" म्हातारा म्हणाला.

"हे बाजाराच्या रीतीत बसत नाही!" अडत्या नाचायला लागला. "मी नागपूरच्या सरकारले अर्ज करीन!"

"करा! पण तोही तोंडानं करा!" मी वरून ओरडलो. मागचे गाडीवान हाका मारत होते, "आमच्याबी गाडीवर चढ बे!" पुढच्या बाजाराला सगळे रुमाल पुन्हा जागच्या जागी आले, हेही सांगून टाकतो. पत्रकं मला आणखी पुष्कळ काढावी लागली. पण त्या दिवशी आमचा व्यापारी सातावर गप्प झाला.

मामा बैलांमागून बाहेर आला आणि म्हाताऱ्यासमोर उभा राहिला.

"किती म्हणाले जी?"

"सात."

"पुन्यांदा म्हणा."

"सात, बाबा, सात!"

"मोठ्यानं म्हणा नं. आवाज त्या शेवटच्या गाडीपावतर जाऊ द्या."

म्हाताऱ्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आरोळी ठोकली. मामानं डोळे मिटून ती ऐकली. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "उतर खाली. माल देल्ला म्या."