बाबुरावांचा रंधा

बाबुराव जाऊन आठ महिने झाले होते. एका रविवारी सकाळी त्यांच्या पत्नी जाईबाई त्यांचा लोखंडी रंधा जुन्या टॉवेलात गुंडाळून कळव्याला रवींद्रच्या घरी आल्या. सोबत मुलगी होती, प्रियांका. ती डोंबिवलीत एका गाळ्यात लहान मुलांची लाकडी खेळणी बनवायची. मशिनं होती तिच्याकडे, पण शेवटचा हात बापाच्या रंध्याने फिरवायचा असं तिने मनात घेतलं होतं. रंधा नुसता पडून गंजला होता. तो नीट करून कामाला येईल की नाही, एवढंच रवींद्रने सांगायचं होतं.

"तुमच्याइतकं त्याला कोण ओळखतं, भाऊजी," जाईबाई म्हणाल्या.

रवींद्रने रंधा हातात घेतला आणि सवयीने उलटा केला. मग लगेच सरळ केला. दोन दिवस ठेवून जा, बघून सांगतो, म्हणाला.

वागळे इस्टेटमधल्या एका फौंड्रीत रवींद्र आणि बाबुरावांनी एकाच बाकावर काम केलं होतं. लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा लाकडी नमुना करावा लागतो, ते त्यांचं काम. बाबुराव त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांनीच त्याला कामाला चिकटवला, त्यांनीच शिकवला. त्यांचा हात इतका साफ की नमुन्यावरून बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं वाटायचं. स्वतःचा रंधा ते कुणाला देत नसत आणि दुसऱ्याच्या रंध्याला कधी हात लावत नसत.

दोन हजार बारा साली एका दुपारी बाबुराव रजेवर होते. घाईचं काम होतं आणि रवींद्रने न विचारता त्यांचा रंधा घेतला. तो बाकावरून निसटून काँक्रीटवर आपटला. पातं बाहेर येतं त्या फटीच्या कोपऱ्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत केसासारखी चीर गेली. ओतकामातली बारीक भोकं बुजवायला फौंड्रीत काळी लांबी असायची. रवींद्रने ती चिरेत भरली, सुकल्यावर पॉलिश पेपरने घासली आणि रंधा जागच्या जागी ठेवला. उद्या सांगू, असं तेव्हा त्याला खरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबुरावांच्या कामावर बारीक लाटा उठायला लागल्या. जोर दिला की तळ चिरेपाशी दबायचा, पातं थरथरायचं. त्यांनी पात्याला पुन्हा पुन्हा धार लावली, पातं बदललं. महिनाभराने ते रंध्याकडे बघायचे थांबले आणि स्वतःच्या हातांकडे बघायला लागले. रवींद्रने आपला रंधा पुढे करून हट्टाने एक फळी तासायला लावली असती, तर तासाभरात उलगडा झाला असता. त्याने तो हट्ट केला नाही. पुढे सुपरवायझरने बाबुरावांना स्टोअरमध्ये बसवलं. बाबुराव एका शब्दाने भांडले नाहीत.

हात कापतो, ही गोष्ट मग त्यांच्या डोक्यात घर करून बसली. मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या, काही निघालं नाही, तर डॉक्टर लपवताहेत म्हणाले. पाहुण्यांसमोर चहाचा कप उचलेनात. फौंड्री बंद पडली तेव्हा बाकीचे फर्निचरच्या कामाला लागले, बाबुराव घरी बसले ते बसलेच. रवींद्र दर चौदा एप्रिलला त्यांच्याकडे जायचा. जाताना सांगायचं ठरवून जायचा आणि जेवून परत यायचा.

आता रॉकेल लावून त्याने तळ घासला. गंज गेला, त्याच्याबरोबर काळी लांबीही सुटली. चीर तेव्हा होती त्याहून लांब झाली होती. पुन्हा भरता आली असती. दोन रात्री तो तेच घोळवत होता. पण मग प्रियांकाच्या कामावरही लाटा उठल्या असत्या.

बुधवारी दोघी आल्या. रंधा कामाचा नाही, नवा घे, असं त्याने प्रियांकाला सांगितलं. वेल्डिंग करून बघू, ती म्हणाली. बिडाचं लोखंड आहे, वाकडं होईल, तो म्हणाला. मग ती म्हणाली, "काका, नवा घेऊन तरी काय? गेल्या महिन्यापासून मला वाटतंय माझाही हात हलतोय. पप्पांसारखा."

रवींद्रने रंधा उलटा करून तिच्यासमोर धरला.

"पप्पांचा हात कधीच हलला नाही. हे माझ्या हातून पडलं होतं. मी बुजवलं आणि गप्प बसलो."

जाईबाईंना आधी कळलंच नाही. प्रियांकाने त्यांना चीर दाखवली, हळूहळू समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, कधी. त्याने साल सांगितलं.

"मी त्यांना भरवत होते हो शेवटी," त्या म्हणाल्या. "हात धड असताना."

त्या उठल्या. रंधा त्यांनी टॉवेलात गुंडाळून पुन्हा बरोबर घेतला. प्रियांका दारात थांबली. पहिल्या स्मृतिदिनाला फौंड्रीतले सगळे येतील, तिथे उभं राहून हे सांगा, एवढंच तिने मागितलं. रवींद्र हो म्हणाला.

स्मृतिदिन विहारात झाला. वंदना झाली, दोघं-तिघं बोलले आणि जुना सोबती म्हणून रवींद्रचं नाव पुकारलं. तो उभा राहिला. समोर फौंड्रीतली पंधरा-वीस माणसं होती, सगळी म्हातारी झालेली. बाबुरावांना स्टोअरमध्ये बसवणारा सुपरवायझरही होता.

"बाबुरावांचा हात कापतो असं आपण सगळे म्हणायचो," तो म्हणाला. "त्यांचा हात शेवटपर्यंत स्थिर होता."

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी 'बरोबर' म्हणालं. रवींद्रने तोंड उघडलं, पुढचं वाक्य जिभेवर होतं. सुपरवायझर रुमालाने डोळे पुसत होता. रवींद्रने हात जोडले, "जय भीम" म्हणाला आणि खाली बसला.

प्रियांका समोरच्या रांगेत होती. ती अजून त्याच्याकडेच बघत होती, तो उठेल म्हणून. तोवर पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. खीरदान झालं तेव्हा जाईबाईंनी इतरांसारखीच त्यालाही वाटी दिली, वर न बघता. त्याने ती तिथेच उभ्याने संपवली. त्यानंतर चौदा एप्रिल आला, तेव्हा तो त्यांच्याकडे गेला नाही आणि त्यांच्याकडूनही कुणाचा फोन आला नाही.